शिवारातल्या पाखरांचा सातबारा



जमीन आजोबांनी कसली, विहीर वडिलांनी खणली, बांधावरचा आंबा आईने लावला. हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण सातबाऱ्यावर नाव चढलेले नसेल, तर सरकारदप्तरी या ठाऊक असण्याला किंमत नसते. बँक कर्ज देत नाही, नुकसानीच्या पंचनाम्यात नाव येत नाही, आणि उद्या कोणी हक्क सांगत आला तर वाद घालायला हातात कागद नसतो. गावाला माहीत असणे वेगळे आणि नोंदीत असणे वेगळे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता याच शिवाराकडे जरा वेगळ्या नजरेने पहा. तुमच्याखेरीज तेथे आणखी किती कुळे नांदत असतात! विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली असतात. नांगरामागे बगळे चालतात. उसाच्या सरीतून मुंगूस पळते, माळावर टिटवी ओरडते, पांदीच्या कुपाटीत सायाळ दडून बसते. बांधावर आघाडा, टाकळा, कुर्डू उगवतो. ही कुळे आपल्या पणजोबांच्याही आधीपासून येथे राहत आहेत. त्यांचा सातबारा कोणी लिहिला आहे काय? बहुतेक गावांत नाही.

तुम्ही म्हणाल, पाखराला कसला सातबारा? त्याला कर्ज काढायचे आहे की हिस्सा मागायचा आहे? प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर पाहू आणि मग ही नोंद घरबसल्या कशी करता येते, ती कोठे जाते, आणि करताना काय जपावे, ते पाहू.

गिधाडे मोजलेली होती म्हणून

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. गावात गुरू मेले की ते गावाबाहेर टाकत, आणि तासाभरात आभाळातून गिधाडे उतरत. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरे. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ही गिधाडे दिसेनाशी झाली. गावोगावी लोक म्हणू लागले, "हल्ली गिधाडे येत नाहीत बुवा." पण नुसत्या म्हणण्यावर सरकार हलत नाही. कोणी म्हणाले, दुसरीकडे गेली असतील. कोणी म्हणाले, खायला मिळत नसेल.

तेव्हा कामाला आली ती जुनी वही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी देशात अनेक ठिकाणी शिकारी पक्ष्यांची मोजणी करून ठेवली होती. २००० च्या सुमारास त्याच वाटांनी पुन्हा मोजणी झाली, दोन आकडे शेजारी मांडले गेले आणि साऱ्यांचे डोळे उघडले. पुढच्या मोजण्यांत असे दिसले की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक या प्रमाणात उरली. २००४ साली कारणही सापडले. आजारी गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना चालते आणि गिधाडांनाही बाधत नाही. तेव्हा गुरांना दुखण्याचे इंजेक्शन देताना डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारा.

आता विचार करा. ती पहिली मोजणी झालीच नसती तर? मग "पूर्वी पुष्कळ होती" एवढेच म्हणत आपण बसलो असतो. किती होती, किती गेली, केव्हा गेली, यांतले काहीच सांगता आले नसते, आणि रोगाचे मूळ सापडायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

पडीक म्हणजे रिकामी नव्हे

दुसरे उत्तर आपल्या माळरानाचे. गावचा माळ म्हणजे गुरे-मेंढरे चारायची जागा. धनगर बांधवांची सारी उपजीविका त्यावर. पण आपल्या देशात गवताळ आणि झुडपी माळाचा मोठा भाग वर्षानुवर्षे 'पडीक जमीन' या सदरात धरला गेला. पडीक म्हणजे निरुपयोगी, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात त्या माळावर लांडगा, खोकड आणि चिंकारा असतो. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. तेथे झाड नाही म्हणून काही नाही, असे नव्हे.

खाण, धरण, औद्योगिक वसाहत असा मोठा प्रकल्प आला की २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे आधी अहवाल करावा लागतो आणि पुष्कळ प्रकल्पांसाठी जनसुनावणीही घ्यावी लागते. त्या अहवालात तेथल्या वनस्पती व प्राण्यांची यादी असते. यादी करणारी माणसे थोडे दिवस येतात, फिरतात आणि जातात. ती उन्हाळ्यात आली तर पावसाळ्यात येणारे पाखरू त्यांना दिसणार कसे? सुनावणीत गावकरी उठून सांगतो, "साहेब, आमच्या माळावर लांडगे आहेत, पिले घालतात." साहेब विचारतात, "नोंद आहे का?" तेथे गाडी अडते. पाच वर्षांच्या, तारखेनिशी, फोटोसह नोंदी असतील तर त्याच गावकऱ्याच्या शब्दाला वजन येते. प्रकल्प व्हावा की न व्हावा, हा निर्णय निराळा. पण तो खऱ्या माहितीवर व्हावा, एवढे तर आपण मागू शकतो.

संगणकावरची चावडी

ही नोंद ठेवायची कोठे? वहीत लिहिली तर वही उंदीर खातात, आणि शेजारच्या तालुक्याला तिचा पत्ता नसतो. यासाठी आता संगणकावर सामाईक चावड्या आहेत. त्यांना पोर्टल म्हणतात. आपल्या देशाची अशी एक चावडी म्हणजे 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'. राष्ट्रीय ज्ञान आयोगाच्या पुढाकारातून २००८ साली ती सुरू झाली. अनेक संस्था मिळून ती चालवतात, आणि खरे काम करतात ते गावोगावचे हौशी लोक. त्यांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, वनखात्यातली माणसे आहेत, डॉक्टर आहेत. त्यात नोंद घालायला पैसे लागत नाहीत आणि पाहायलाही लागत नाहीत. भूतान देशाने २०१३ साली याच मांडणीवर आपले राष्ट्रीय पोर्टल उभे केले.

हे काम कसे चालते, ते दूध संकलन केंद्रावरून चटकन ध्यानात येईल. कोणी एक लिटर आणतो, कोणी दहा. केंद्रावर प्रत्येकाचे दूध तपासतात, नावावर नोंद होते आणि मग ते एकत्र टाकीत पडते. तेथून टँकर मोठ्या डेअरीला जातो. तसेच येथे. तुम्ही एका पाखराचा फोटो घातला की ते झाले तुमचे दूध. जाणकार तो पाहतात आणि ओळख बरोबर की चूक ते सांगतात, ती झाली तपासणी. त्यानंतर ती नोंद देशाच्या साठ्यात पडते आणि तुमचे नाव तिच्याशी कायम राहते.

देशोदेशींच्या अशा साठ्यांची मोठी डेअरीही आहे. जीबीआयएफ या नावाने ओळखली जाणारी ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे आहे. दुधाच्या सहकारासाठी नावाजलेला तोच हा डेन्मार्क. तेथे २०१८ साली शंभर कोटी नोंदींचा टप्पा ओलांडला गेला आणि २०२२ साली दोनशे कोटींचा. आपल्या पोर्टलवरील तपासलेल्या नोंदीही तेथे पाठवल्या गेल्या आहेत. इतक्या देशांच्या नोंदी एकत्र बसतात कशा? सातबाऱ्याला जसा गाव नमुना ठरलेला असतो, गाव कोणतेही असो, रकाने तेच, तसा या नोंदींनाही जगभर मान्य असलेला एक नमुना आहे. त्याला 'डार्विन कोअर' म्हणतात.

नुसत्या पक्ष्यांसाठी 'ई-बर्ड' ही निराळी चावडी आहे. तिच्यावर भारतातल्या पक्षीनिरीक्षकांनी घातलेल्या नोंदींवरून २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल निघाला. सुमारे ३० हजार लोकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी त्यासाठी वापरल्या गेल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, त्यांतल्या २०४ जाती कमी झालेल्या दिसल्या. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ, ज्याला कोणी चास म्हणतात, तोही त्यांत आहे. मोर मात्र वाढला आहे. मोराने पेरलेले दाणे वेचले, अशी तक्रार पुष्कळ शेतकरी करतात. ती तक्रार हवेतली नाही, हेही याच नोंदींनी दाखवले. म्हणजे नोंद पाखराच्या बाजूची असते किंवा शेतकऱ्याच्या बाजूची असते, असे नाही. ती खऱ्याच्या बाजूची असते.

नोंदीचे पाच रकाने

चांगल्या नोंदीला पाच गोष्टी लागतात. काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, कोणी पाहिले, आणि पुरावा काय. यांतला एक रकाना रिकामा राहिला तरी नोंद लंगडी होते.

हे अवघड वाटायचे कारण नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढू लागला. गट क्रमांक, पीक, फोटो आणि जागा हे सारे त्यात आले. ज्याला ते जमले, त्याला हेही जमते. मोबाइलमध्ये जागेची सोय चालू ठेवून फोटो काढला की तारीख, वेळ आणि जागा फोटोबरोबरच साठते. शिवारात रेंज नसेल तर काळजी नको. फोटो रात्री घरी येऊन चढवला तरी चालतो.

नाव ठाऊक नसले तर? तरीही नोंद घाला. 'ओळख हवी' एवढे म्हणा. कोणी तरी जाणकार सांगेल. फोटो मात्र कामाचा हवा. झाडाचा काढाल तर पान, फूल, फळ आणि खोड असे निरनिराळे काढा. किड्याचा काढाल तर वरून एक आणि बाजूने एक. पाखरू लांब असेल आणि फोटो पुसट आला तरी टाकून देऊ नका, जाणकाराला चोचीच्या आकारावरूनही पुष्कळ कळते.

नावाच्या बाबतीत एक गंमत आहे. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात त्याला विदर्भात तरोटा म्हणतात. एकाच भारद्वाज पक्ष्याला कोणी कुंभारकावळा म्हणतो, कोणी कुकुडकोंबा. उलट एकाच नावाखाली दोन गावांत दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, असेही होते. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक जातीला एक शास्त्रीय नाव देतात आणि नोंदी त्या नावाखाली एकत्र येतात. पण म्हणून आपले नाव टाकून देऊ नका. या पोर्टलवर जातीच्या पानावर देशी भाषांतील नावेही घालता येतात. तुमच्या आजीच्या तोंडचे नाव तेथे लिहिले गेले तर ते टिकेल. नाहीतर ते तिच्याबरोबर जाईल.

एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट

कोठे पाहिले, या रकान्यात खोटे लिहिले तर काय होते, याची एक खरी गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे.

पिंगळा आपल्या ओळखीचा. त्याच्यासारखाच, पण जंगलात राहणारा रानपिंगळा म्हणून एक पक्षी आहे. १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे थोडेसेच नमुने मिळाले, शेवटचा १८८४ साली, आणि मग तो कोणाला दिसेना. एका ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात मात्र एक नमुना होता. रिचर्ड माइनर्टझागेन हे त्याचे नाव. नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधले मांडवी हे गाव लिहिलेले होते. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून जाणते पक्षिअभ्यासक नको तेथे शोधत राहिले. पक्षी मिळेना. अनेकांनी तो नामशेष झाला असे धरले.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि चिठ्ठी बनावट होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबारमध्ये आहे. पुढे मेळघाटात आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या चिठ्ठ्यांनी वाट दाखवली त्याही कागदाचे लहानसे तुकडेच होते. शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी जागा आणि तारीख नीट लिहिली, म्हणून पुढच्या माणसाला रस्ता सापडला. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो आपल्या गावचा म्हणून कधीही घालू नका. मोठेपणासाठी नाही आणि गमतीखातरही नाही. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा.

आपली माहिती चोरीला जाईल काय?

ही शंका येणे साहजिक आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट दिले गेले होते. आपल्या घरोघरी जे चालते त्यावर परक्याचा हक्क! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ते कशाच्या बळावर झाले? आपल्याकडे हे ज्ञान पूर्वीपासून आहे, असे दाखवणाऱ्या जुन्या लेखी पुराव्यांच्या. केवळ "आमच्या आजीला ठाऊक होते" एवढ्याने तेथे भागले नसते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा. कोणता जीव कोठे आणि केव्हा दिसला, ही 'आढळाची' नोंद. ती पोर्टलवर उघडी असते आणि उघडी असण्यातच तिचा उपयोग आहे. एखाद्या मुळीचा काढा कशावर द्यायचा, कोणत्या सालीने गुरांची जखम भरते, हे झाले गावाचे ज्ञान. ते उठून कोणत्याही पोर्टलवर लिहू नका. त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे, आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' करणे व त्या ज्ञानाचे रक्षण करणे हे तिचे काम आहे. गावात समिती कोण, नोंदवही कोठे आहे, ती भरताना तुमच्या वस्तीला कोणी विचारले का, हे ग्रामसभेत जरूर विचारा. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात असते आणि गावाने ती पाहिलेलीही नसते. "पूर्वी येथे अमुक येत असे" ही म्हाताऱ्या माणसांची आठवणही त्या नोंदवहीत जायला हवी.

पोर्टलवरची नोंद आणि फोटो कोणत्या अटींवर वापरायचे, तेही ठरलेले असते. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने आहेत. नोंद घालणाऱ्याचे नाव दिलेच पाहिजे, किंवा धंद्यासाठी वापरू नये, अशा अटी त्यांत असतात. फोटो चढवताना त्यांतला कोणता निवडला आहे ते वाचून घ्या.

जपावे असे काही

दुर्मिळ प्राणी, घुबडाची ढोली, गिधाडाचे घरटे, चंदनाचे झाड, यांची नेमकी जागा उघडी करू नका. शिकारी आणि चोरही मोबाइल पाहतात. पोर्टलवर जागा झाकून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. शास्त्रज्ञांना तालुका कळला तरी पुष्कळ वेळा पुरते.

फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका. आई उडते, अंडी उन्हात पडतात आणि मागे कावळा टपलेला असतो. सापाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. फोटो नाही मिळाला तर बिघडत नाही, माणूस सलामत पाहिजे.

पिकावर नवी, कधी न पाहिलेली कीड दिसली तर फोटो काढा, तारीख लिहा आणि आधी कृषी खात्याच्या माणसाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. मग पोर्टलवर घाला. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. अशा किडीच्या बाबतीत ती कोठे, कोणत्या आठवड्यात दिसली, ही नोंद पुढच्या जिल्ह्याला सावध करते. फवारणीचा सल्ला मात्र पोर्टलवरून घेऊ नका.

घरात कोणी काय करावे?

या नोंदींत एक मोठी उणीव आहे. शहरांभोवती, हमरस्त्यांच्या कडेला, अभयारण्यांत नोंदींची गर्दी असते. कारण फोटो काढणारी माणसे तेथे जातात. साध्या गावच्या साध्या शिवारात मात्र नकाशा कोरा असतो. पाहणाऱ्याला वाटते, येथे काहीच नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी. हा कोरा भाग भरायला शहरातून माणूस येणार नाही. तो तुमच्याच घरातून भरला पाहिजे, आणि त्यासाठी सारे कुटुंब उपयोगी पडते.

खुरपणीला जाणाऱ्या बायकांइतके तण कोणाला ओळखता येतात? कोणते आधी उगवते, कोणते नव्याने आले, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. त्यांनी ओळखावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने फोटो काढावा. गुराख्याला आणि मेंढपाळाला माळावरची घरटी ठाऊक असतात. मासे धरणाऱ्याला ओढ्यातले मासे ठाऊक असतात. आजोबांनी नाव सांगावे, नातवाने ते लिहावे. मुलांना मोबाइल द्यायचा तर या कामासाठी द्यावा, निदान डोळे पडद्यावरून बांधाकडे तरी वळतील.

दुर्मिळ पाखराच्या मागे लागायचे कारण नाही. चिमणी, साळुंकी, कावळा, बगळा यांची नोंदही तितकीच मोलाची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, विहिरीपाशी पंधरा मिनिटे बसावे आणि दिसतील तेवढी सारी पाखरे लिहावीत. एकदाच शंभर नोंदी घालून थांबण्यापेक्षा वर्षभर दर आठवड्याला पाच घातल्या तर त्यांतून काय वाढले, काय घटले ते कळते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, त्यात शाळेने भाग घ्यावा. गुरुजींना सांगून पाहा.

मोबाइल नसलेल्या घरानेही थांबू नये. एक दोनशे पानी वही घ्यावी, पाच रकाने आखावेत, आणि तारीख, जागा, नाव, पाहणारा व काही खूण, असे लिहीत जावे. ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याने महिन्यातून एकदा ती वही पाहून चढवण्याजोगे चढवावे.

येत्या रविवारी एवढे करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान शाळकऱ्याला बरोबर घेऊन बांधाला एक फेरी मारा. दिसेल त्यातल्या दहा जिवांची नावे विचारा आणि तारखेनिशी लिहून काढा. पाखरांच्या सातबाऱ्यावर तुमच्या गावाची पहिली ओळ ती होईल.